घाटात उकळणारे पाणी

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघाले की हातखंबा, पाली, नाणीज अशी गावे मागे पडतात. साखरपा येते आणि त्यानंतर आंबा घाटाचा चढ सुरू होतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला एक दृश्य आठवत असेल. वळणावर कडेला उभी केलेली मोटार, उघडलेले बॉनेट, त्यातून निघणारी वाफ, आणि प्लास्टिकचा कॅन घेऊन पाणी शोधायला निघालेला कोणीतरी. 'गाडी तापली' एवढे दोन शब्द सर्वांना पुरेसे असत. हल्लीच्या मोटारींमुळे हे दृश्य विरळ झाले आहे. पण जुनी गाडी जपून ठेवणाऱ्यांच्या नशिबी ते अजूनही येते. आम्ही त्यांपैकीच एक. आमच्या घरात १९८० च्या दशकातली एक प्रीमियर पद्मिनी आहे. तिने सलग तीन उन्हाळे आम्हाला आंबा घाटात थांबवले. तिसऱ्या उन्हाळ्यात तिचे खरे दुखणे सापडले. ते कसे सापडले हे सांगण्यासाठी इंजिन थंड ठेवण्याच्या प्रयत्नांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास सांगावा लागेल, कारण त्या इतिहासाशिवाय ते दुखणे आम्हाला समजलेच नसते.

उष्णतेचा हिशोब

प्रथम थोडे गणित करू. माणसे व सामान धरून आमच्या गाडीचे वस्तुमान ११०० किलोग्रॅम आहे आणि घाटात ती ५०० मीटर उंच चढते असे समजू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की चढण्यासाठी लागणारे कार्य मिळते: ११०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ५४ लाख ज्यूल. जुने पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते. तेव्हा या चढासाठी सुमारे २७० लाख ज्यूल ऊर्जेचे पेट्रोल जळायला हवे. एक लिटर पेट्रोलमधून साधारण ३२० लाख ज्यूल मिळतात. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी लिटरहून थोडे कमी पेट्रोल लागते.

उरलेली ऊर्जा कोठे जाते? मोठा भाग धुराड्यातून गरम वायूंबरोबर बाहेर पडतो. जवळजवळ तितकाच, म्हणजे एकूण ऊर्जेचा सुमारे एकतृतीयांश भाग, सिलिंडरच्या भिंतींतून थंड करणाऱ्या पाण्यात जातो. आपल्या हिशोबात हे ९० लाख ज्यूल झाले. गाडीत सहा लिटर पाणी आहे असे धरले, तर ते ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १७ लाख ६० हजार ज्यूल पुरतात. याचा अर्थ असा, की पाण्यातील उष्णता हवेत टाकण्याची सोय नसती तर घाट पाचवा हिस्सा चढून होण्याआधीच पाणी उकळू लागले असते. चढायला १५ मिनिटे लागली तर दर सेकंदाला सुमारे १० हजार ज्यूल, म्हणजे १० किलोवॉट उष्णता हवेत टाकायची आहे. दहा विजेच्या शेगड्या एकदम पेटवाव्यात इतकी ही उष्णता!

पाणी हवेच कशाला?

येथे विद्यार्थी एक चांगला प्रश्न विचारतात. साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिले, की कोणत्याही उष्णता-यंत्राला काही उष्णता थंड बाजूला टाकावीच लागते. मग गाडीतले पाणी म्हणजेच कार्नोची थंड बाजू का? पुष्कळदा तसे शिकवले जाते, पण ते बरोबर नाही. पेट्रोल इंजिनात ते काम मुख्यतः बाहेर पडणारे गरम वायू करतात. पाण्यात जाणारी उष्णता ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या पदार्थांच्या दुबळेपणाबद्दल आपण मोजलेली ती किंमत आहे. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी तापमान २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. बिडाचे लोखंड १२०० अंशांच्या आसपास वितळते, ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवरच. आणि वितळण्याच्या कितीतरी आधी दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधला तेलाचा पातळ थर जळून जातो. तो गेला की धातू धातूला चिकटतो आणि इंजिन 'जाम' होते.

एतिएन लेन्वार याने १८६० साली पॅरिसमध्ये केलेले वायूवर चालणारे इंजिन इंधनातील जेमतेम चार-पाच टक्के ऊर्जा कामी लावत असे. तापण्याबद्दल आणि तेल पिण्याबद्दल ते कुप्रसिद्धच होते. निकोलाउस ओटोचे १८७६ सालचे चार टप्प्यांचे इंजिन पुष्कळ सुधारलेले होते, तरी त्याच्या सिलिंडरभोवतीही पाण्याचे आवरण होतेच. रुडॉल्फ डिझेलला मात्र ही उष्णता वाया घालवणे मान्य नव्हते. १८९३ सालच्या आपल्या पुस्तिकेत त्याने पाण्याने थंड करावे न लागणारे इंजिन मांडले. प्रत्यक्षात १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचे जे इंजिन यशस्वी झाले, त्याला पाण्याचे आवरण होते. तरीही त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली आणि जग थक्क झाले. पदार्थांनी डिझेलच्या कल्पनेला साथ दिली नाही, एवढाच याचा अर्थ.

बर्था बेंझचा प्रवास

कारखान्यात एका जागी बसवलेल्या इंजिनाला पाण्याची चिंता नसते. आपल्याकडच्या खेड्यांतील भातगिरण्या आणि पिठाच्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ऑइल इंजिनाशेजारचे पाण्याचे मोठे टाके आठवेल. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे अशी इंजिने महाराष्ट्रात गावोगाव पोचली. टाक्यातले पाणी इंजिनात जाई, तापून परत टाक्यात येई. टाके मोठे असल्याने ते निवायला वेळ मिळे. पण चालत्या वाहनावर टाके कसे न्यायचे?

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीसाठी पेटंटचा अर्ज केला. त्याने पाणी उकळूच दिले! सिलिंडरभोवतीचे पाणी वाफ होऊन उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम आहे. एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९४ किलोज्यूल लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. अप्रकट उष्म्याचा एवढा मोठा उपयोग करून घेतल्यावर थोड्या पाण्यात भागते. अडचण एकच. पाणी संपते.

ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ही मोटार मानहाइमहून फोर्ट्सहाइमला घेऊन गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. तिने वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतले, टोपीच्या पिनेने इंधनाची नळी साफ केली आणि चढावर मुलांकडून गाडी ढकलून घेतली, या गोष्टी अनेकांनी वाचलेल्या असतात. तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच चालक पाणी शोधत होता. आंबा घाटातला कॅनवाला माणूस हा त्या परंपरेतलाच.

मधमाश्यांचे पोळे

पाणी संपू द्यायचे नसेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरायला हवे. यासाठी सुरुवातीला लांबलचक वळवलेल्या नळ्या वापरीत. त्या पुरेशा नव्हत्या. खरा तोडगा काढला व्हिल्हेल्म मायबाख याने. डाइमलर कारखान्यासाठी त्याने १९०० साली तयार केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या 'मर्सिडीज' मोटारीत ६ मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या एकावर एक रचून पोळ्यासारखी एक पेटी बनवली होती. नळ्यांतून हवा जाई आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी उतरे. मागे हवा ओढणारा पंखा होता. पाण्याचे प्रमाण केवळ नऊ लिटरवर आले. पाणी थोडे आणि हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग प्रचंड, हे त्यामागचे तत्त्व. आजच्या प्रत्येक मोटारीत तेच आहे.

या पेटीला 'रेडिएटर' म्हणतात, म्हणजे प्रारण करणारा. नाव फसवे आहे. ९० अंशांचा एक चौरस मीटर पृष्ठभाग ३५ अंशांच्या परिसरात प्रारणाने सुमारे पावणेपाचशे वॉटच उष्णता टाकू शकतो. आपल्या रेडिएटरच्या दोन्ही बाजू मिळून बाहेर दिसणारे क्षेत्रफळ एकतृतीयांश चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे प्रारणाने जातात ते फार तर दीडशे वॉट, आणि टाकायचे आहेत १० हजार. बाकी सगळे काम वाहती हवा करते. म्हणून हवा अडली की रेडिएटर निरुपयोगी. घाटात नेमके हेच होते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत असते, उष्णता भरपूर तयार होत असते, पण गाडीचा वेग ताशी २०-२५ किलोमीटर. समोरून येणारा वारा जवळजवळ नसतोच. सगळी भिस्त पंख्यावर.

पंप नसलेल्या दीड कोटी मोटारी

पाणी इंजिनातून रेडिएटरकडे आणि परत कसे फिरवायचे? एक मार्ग म्हणजे पंप. दुसरा मार्ग म्हणजे निसर्गाला ते काम करू देणे. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड होऊन खाली उतरते. गिरणीच्या टाक्यात हेच चाले. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आली. तिच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पंप होता. नंतर तो काढून टाकला गेला आणि १९२७ पर्यंत बनलेल्या दीड कोटी गाड्या केवळ अभिसरणावर थंड होत राहिल्या. पंपच नाही, म्हणून पंप बिघडणेही नाही. पण यासाठी रेडिएटर उंच हवा, नळ्या रुंद हव्यात आणि इंजिनाची शक्ती बेताची हवी. मॉडेल टी २० अश्वशक्तीची होती. शक्ती वाढत गेली, बॉनेट ठेंगणे होत गेले, तसा पंप परत आला आणि कायमचा राहिला.

वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. आमच्या पद्मिनीच्या कथेत तो परत येणार आहे.

झाकणातला दाब

पुढची सुधारणा दिसायला क्षुल्लक आहे. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगची एक झडप बसवली, की आतील दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू शकतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. आतील दाब वातावरणापेक्षा अर्ध्या पटीने जास्त असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. कुकरचे तत्त्वच हे. आधी विमानांच्या इंजिनांत आणि मग दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मोटारींत हे झाकण रुळले.

पण या झाकणाबरोबर एक धोका आला. १११ अंशांचे पाणी दाबाखाली शांत असते. झाकण उघडताच दाब जातो आणि ते पाणी 'अतितप्त' ठरते. जास्तीच्या ११ अंशांची उष्णता, प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ४६ किलोज्यूल, लगेच वाफ करण्यात खर्च होते. त्यातून २० ग्रॅम पाण्याची वाफ होते. २० ग्रॅम म्हणजे चार चमचे. पण त्यांची वाफ होते ३० लिटरहून अधिक! एका लिटर पाण्यामागे ३० लिटर वाफ क्षणात तयार होते आणि उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन बाहेर झेपावते.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. पदवीच्या वर्गात आम्ही ते शिकवलेही होते. तरीही पहिल्या उन्हाळ्यात आंबा घाटात, मागच्या सीटवर मुले रडत असताना, आम्ही घाईघाईने फडके घेऊन ते झाकण फिरवले. उजव्या हाताच्या कोपरापर्यंत उमटलेला डाग अजून आहे. पुस्तकातले ज्ञान हाताच्या बोटांपर्यंत पोचायला वेळ लागतो, असे आम्ही तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगतो. तापलेल्या गाडीचे इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. नंतरही इंजिन चांगले निवल्यावरच पाणी ओतावे, तेही हळूहळू. तापलेल्या धातूवर एकदम थंड पाणी पडले तर हेडला तडा जाऊ शकतो.

'आपल्याकडे थंडी कुठे असते?'

त्या वर्षी गॅरेजमध्ये निदान झाले ते थर्मोस्टॅटचे. हा एक छोटा मेणाचा पडदा. इंजिन थंड असताना तो पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. ठरावीक तापमानाला मेण वितळते, प्रसरण पावते आणि वाट उघडते. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट याने १९३० च्या दशकात मेणाची ही युक्ती विकसित केली. आपल्याकडे मात्र थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत जुनी आहे. "आपल्याकडे थंडी कुठे असते? हा काय कामाचा?" असा त्यामागचा युक्तिवाद. आमचाही काढला गेला.

युक्तिवाद चुकीचा आहे. थर्मोस्टॅट बाहेरच्या थंडीसाठी नसून इंजिन लवकर योग्य तापमानाला यावे म्हणून असतो. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की थंड चालणाऱ्या इंजिनाचे सिलिंडर अधिक झिजतात. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ थंड भिंतींवर साचते, तीत आम्ले विरघळतात आणि धातू खाल्ला जातो. थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला तर गाडी तापते हे खरे. पण त्यावर उपाय म्हणजे नवा बसवणे. तो बिघडला आहे की नाही हे ठरवणेही सोपे आहे. भांड्यात पाणी तापवून त्यात थर्मोस्टॅट आणि तापमापी टांगावी, आणि तो कधी उघडतो ते पाहावे. आमचा तपासलाच गेला नव्हता.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी परत उकळली. आता संशय रेडिएटरवर. तो काढला, वरची टाकी उघडली, नळ्यांतून सळई फिरवून साफ केल्या आणि टाकी पुन्हा झाळली. बिल बरेच आले. गावात गाडी उत्तम चालू लागली. तिसऱ्या उन्हाळ्यात, साखरप्याच्या पुढे तिसऱ्या वळणावर, काटा परत लाल खुणेवर.

निदान

घाटातून गाडी कशीबशी रत्नागिरीला आणली आणि एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. आयुष्यभर एस.टी.च्या गाड्या, टाटा मर्सिडीजचे ट्रक आणि फियाट यांवर काम केलेले ते गृहस्थ. १९५४ पासून जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने बनणारे ते ट्रक घाटांत वर्षानुवर्षे राबले, तेव्हा मायबाखच्या घराण्याशी मिस्त्रींचा संबंध आमच्यापेक्षा जुना होता. त्यांनी पाना उचलला नाही. स्टूल ओढून बसले आणि प्रश्न विचारू लागले.

"सपाटीला तापते?"

"नाही."

"उभी करून चालू ठेवली तर?"

"बऱ्याच वेळाने थोडी. उकळत नाही."

"पाणी कमी होतं रोज?"

"नाही मिस्त्री, घाटात उकळली तरच."

"आणि पाणी कुठलं घालता?"

या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व आम्हाला तेव्हा कळले नाही. आम्ही म्हटले, "घरच्या विहिरीचं." आमचे घर भाट्याच्या खाडीजवळ आहे. मिस्त्रींनी मान हलवली आणि मग ते उठले.

त्यांनी ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल दुधाळ नव्हते. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुडे नव्हते. म्हणजे हेडचे गॅस्केट शाबूत. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, ताण बरोबर. चाके मोकळी फिरत होती, ब्रेक चिकटलेले नव्हते. प्रज्वलनाची वेळही तपासली, कारण ठिणगी उशिरा पडली तर जास्त उष्णता भिंतींत जाते. तीही ठीक. मग खालचा होज सोडून वरून बादलीभर पाणी ओतले. ते धो धो खाली आले. रेडिएटर मोकळा.

होज पुन्हा लावून, पाणी भरून गाडी तापू दिली. त्यांनी आम्हाला दोन्ही होजवर सावधपणे हात ठेवायला सांगितले. वरचा चटका देणारा, खालचा कोमट. पाणी रेडिएटरमध्ये छान निवत होते, पण फारच सावकाश येत होते. मग इंजिन निवल्यावर झाकण काढून त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि म्हणाले, "सर, आत बघा. थर्मोस्टॅट तुमच्याकडे नाही. म्हणजे पाणी लगेच फिरायला पाहिजे. फिरतंय?"

वरच्या टाकीतले पाणी जवळजवळ स्थिर होते.

पंप उघडला. बाहेरून तो निर्दोष होता. पुली फिरत होती, गळती नव्हती, आवाज नव्हता. आतल्या चक्राची पाती मात्र गंजून निम्मीसुद्धा उरली नव्हती. दांडा फिरत होता, पण पाणी ढकलायला काही नव्हते.

आता सगळे जुळले. आमची गाडी नकळत मॉडेल टी झाली होती. सपाटीवर थोडी उष्णता आणि समोरून भरपूर वारा, त्यामुळे अभिसरण आणि पात्यांचे उरलेले तुकडे यांवर काम भागत होते. पण पद्मिनीचा रेडिएटर ठेंगणा, नळ्या अरुंद, आणि घाटातली मागणी १० किलोवॉटची. तेथे १९०९ सालची युक्ती पुरी पडेना. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर या दोन निर्दोष भागांवर आम्ही दोन वर्षे घालवली, कारण आम्ही लक्षणावरून सरळ उपायावर उडी मारली होती. मिस्त्रींनी प्रत्येक वेळी एक शक्यता घेऊन तिला खोटे ठरवू शकेल अशी चाचणी केली. संशोधनाच्या पद्धतीवर आम्ही व्याख्याने देतो. ती पद्धत त्या दिवशी आम्ही स्टुलावर बसून शिकलो.

१८२४ सालची दुसरी गोष्ट

पाती कोणी खाल्ली? खाडीकाठच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते, कारण गोड पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत शिरते. क्षारयुक्त पाणी विजेचे चांगले वाहक असते. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन वेगवेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी. शाळेतला विद्युत घटच तो!

कार्नोचा ग्रंथ निघाला त्याच १८२४ साली सर हम्फ्री डेव्हीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या विषयावर निबंध वाचला. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राच्या पाण्यात ते झिजत. डेव्हीने त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. गंमत अशी, की तांबे विरघळेनासे झाल्यामुळे त्याचा विषारी परिणामही गेला आणि जहाजांच्या तळांवर शंख-शिंपले दाट वाढू लागले. प्रयोग यशस्वी होऊनही सोडून द्यावा लागला. पण तत्त्व टिकले. आज समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांत जस्ताचे तुकडे बसवतात, ते याच तत्त्वाने. ठरावीक काळाने ते बदलायचे, इंजिन वाचवायचे.

मोटारीत हे काम रसायने करतात. कूलंट म्हणून मिळणाऱ्या द्रवात मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल असते. ते व्युर्त्झ या फ्रेंच रसायनज्ञाने १८५० च्या दशकात प्रथम बनवले आणि १९२० च्या दशकात ते इंजिनांत वापरात आले, मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून. 'कोकणात बर्फ कुठे पडतो?' हा प्रश्न येथेही विचारला जातो. पण आपल्यासाठी त्यातील गंजरोधक द्रव्ये अधिक महत्त्वाची आहेत. शिवाय निम्मे-निम्मे मिश्रण केले तर उत्कलनबिंदूही काही अंशांनी चढतो. मात्र ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, म्हणून ते मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. कूलंटमध्ये मिसळायचे पाणी विहिरीचे नको, ऊर्ध्वपातित हवे. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी साबणाला चांगला फेस देणारे, मृदू असते, पण बहुधा किंचित आम्लधर्मी. देशावरच्या काळ्या पत्थरातले पाणी पुष्कळदा जड, ते नळ्यांत थर धरते. इंजिनाला कोणत्या गावचे पाणी पाजले, हे म्हणूनच मिस्त्री आधी विचारतात.

वर्गात काय करता येईल?

यातले बरेच काही शाळेत दाखवता येते. काचेच्या नळीचा चौकोन पाण्याने भरून, त्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून एका कोपऱ्याला उष्णता दिली की मॉडेल टीचे अभिसरण दिसते. सुई नसलेल्या पिचकारीत थोडे कढत पाणी घेऊन तोंड बोटाने बंद करावे आणि दट्ट्या ओढावा. दाब कमी होताच पाणी उकळू लागते. रेडिएटरचे झाकण उघडल्यावर जे होते, त्याची ही निरुपद्रवी आवृत्ती. तीन बाटल्यांत विहिरीचे, नळाचे आणि समुद्राचे पाणी घेऊन प्रत्येकीत एक साधा आणि एक जस्ताचा तुकडा बांधलेला खिळा ठेवावा आणि महिनाभर नोंदी कराव्यात. रत्नागिरीच्या मुलांना तिन्ही प्रकारचे पाणी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. आणि शक्य असेल तर वर्गाला एकदा जवळच्या गॅरेजमध्ये न्यावे. मिस्त्रींना उत्तरे विचारण्याऐवजी ते गिऱ्हाइकाला कोणते प्रश्न विचारतात, त्यांची यादी मुलांना करायला सांगावी.

पद्मिनी बनणे २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या गाड्यांत विजेचा पंखा असतो, तापमान मोजणारे संवेदक असतात आणि काही बिघडले तर संगणक सांकेतिक क्रमांक दाखवतो. ही सोय चांगलीच आहे. पण वरच्या होजवर एक हात आणि खालच्या होजवर दुसरा ठेवून विचार करणारी माणसे कमी होत आहेत. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणी लिहून ठेवलेले नाही.

आमच्या गाडीला नवा पंप बसला, थर्मोस्टॅटही परत बसला. त्यानंतर ती आंबा घाट न थांबता चढते. डिकीत पाण्याचा कॅन मात्र आम्ही अजूनही ठेवतो. तो विहिरीवर भरत नाही.